सर्व्हायव्हल नाईफ, आठ महिने आणि म्यानाच्या तळाचं भोक

मंगळवारी संध्याकाळी कुरिअर आलं. आत माझ्या सर्व्हायव्हल नाईफचं बदली म्यान होतं आणि त्याच्या तळाशी पितळी रिंग ठोकलेलं एक बारीक भोक. ऑगस्टपासून कंपनीला अकरा मेल, सहा फोन, आणि शेवटी हे भोक. ते बघून मला मनापासून बरं वाटलं. आधी लिहिलं असतं तर नुसता राग उतरला असता, म्हणून थांबलो होतो.

कंपनीचं नाव लिहीत नाही. माझ्याकडे एकच नग आहे, आणि त्यांनी उशिरा का होईना ऐकलं. चाकू पाच इंची पात्याचा, १०९५ या कार्बन स्टीलचा, काळ्या कोटिंगचा, फुल टँग, म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्या टोकापर्यंत अखंड. बाकी स्पेक इथे येणाऱ्यांना पाठ असतात. एप्रिलमध्ये ३,२०० रुपयांना घेतला. एवढ्यात ट्रेकचे चांगले बूट आले असते, हे घरात मला दोनदा ऐकवून झालंय. त्यामुळे या चाकूकडून पै न पै वसूल करायची, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं.

पहिली परीक्षा दिंडोरीला सासऱ्यांच्या द्राक्षबागेत झाली. खरड छाटणी नुकतीच उरकली होती, बांधावर वाळलेल्या काड्यांचा ढीग आणि शेडमागे बाभळीचं सरपण. बाभळीइतकं चिवट परीक्षक दुसरं नाही. मनगटाएवढ्या ओंडक्यावर पातं ठेवलं आणि पाठीवर दांडक्याने ठोकत गेलो. गाठ नसेल तिथे ओंडका सरळ उभा फाटला. गाठ आली तिथे पातं रुतलं, पण मूठ हलली नाही, रिव्हेट ढिले झाले नाहीत, पात्याला वाक आला नाही. धार मात्र गाठीवर एका जागी किंचित वळली. ती घरी दगडावर दहा मिनिटांत सरळ झाली. सासरे बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "पाहुणे, हे काम कोयत्याचं आहे." त्यांनी बाजारातून साडेतीनशेला घेतलेला कोयता आणला आणि तोच ओंडका चार घावांत मोकळा केला.

त्यांचं बरोबर होतं. तोडायचं काम असेल तर कोयता घ्या, पैसे वाचतील. पण त्याच संध्याकाळी बांबूच्या कांबीला खाचा पाडल्या, काड्यांच्या बारीक पिसांसारख्या कपच्या काढल्या, दोरी कापली. तिथे कोयता अवघड पडतो आणि हा चाकू हातात बसतो. मूठ घामाने ओली झाली तरी निसटत नाही. गंगापूर धरणाच्या फुगवट्यापाशी मुक्काम केला तेव्हा कांदा-काकडीही यानेच चिरली. पाठ साडेचार मिलिमीटर जाड असल्याने कांदा कापला जाण्याऐवजी फाकतो, काकडीची चकती टचकन उडते. स्वयंपाकाची सुरी वेगळी न्याच.

फेरो रॉडचं, म्हणजे खरवडून आग पेटवायच्या कांडीचं सांगतो, कारण पुढच्या भांडणाचं मूळ तिथे आहे. चाकूच्या पाठीची कड काटकोनात असली की रॉड खरवडून ठिणग्या पडतात. या चाकूची कड काटकोनात आहे, पण कोटिंग पाठीवरही चढवलेलं. त्यामुळे रॉडवर नुसता घसरायचा. मी कानस घेतली आणि टोकाकडचा चार सेंटिमीटर भाग घासून उघडा स्टील केला. त्यानंतर ठिणग्या अशा पडायला लागल्या की व्हॅसलीन लावलेला कापूस पहिल्याच फटक्यात पेटतो. जून संपेपर्यंत मी हा चाकू चार जणांना घ्यायला सांगून मोकळा झालो होतो. त्यातल्या दोघांनी घेतला, म्हणून पुढचं जास्त लागलं.

जुलैत त्र्यंबकजवळचा हरिहर किल्ला. शनिवारी दुपारपासून पाऊस, पायथ्याच्या निरगुडपाड्यात मुक्काम, रविवारी गर्दीच्या आधी पायऱ्या गाठायच्या म्हणून पहाटे निघालो. हरिहरच्या पायऱ्या ज्यांनी बघितल्यात त्यांना सांगायला नको: जवळजवळ उभ्या कातळात कोरलेल्या, दोन्ही बाजूंना हात घालायला खोबण्या. १८१८ मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतला, तेव्हा त्यांचा कॅप्टन ब्रिग्जसुद्धा या पायऱ्या बघून थक्क झाला होता. तिथे चाकू कमरेला लटकवून चढणं ही माझी चूक. मध्यावर म्यानाची प्लॅस्टिक क्लिप कातळाला घासली आणि अर्धी तुटली. खालून एक पोरगा ओरडला, "दादा, तुमचं काहीतरी लटकतंय!" म्यान बेल्टला एका टवक्यावर लोंबकळत होतं. त्याच्या खाली सात-आठ माणसं, सगळ्यांची तोंडं वर. एका हाताने खोबण धरून दुसऱ्या हाताने ते शर्टात कोंबलं. ते दोन मिनिटं मी विसरणार नाही. तुमचं म्यान कितीही भारी असो, कड्याच्या वाटेवर चाकू सॅकच्या आत ठेवा, बाहेर लटकवू नका.

क्लिप तुटली हे एक. खरी गोष्ट गुरुवारी कळली.

रविवारी रात्री घरी आलो, सॅक रिकामी केली, म्यानासकट चाकू माळ्यावर ठेवला. सोमवारपासून सेकंड शिफ्ट, बघायला वेळ नाही. गुरुवारी चाकू ओढला तर येईना. जोर लावल्यावर खरखरत बाहेर आला. जिथे पाठ घासली होती तिथे जाड नारिंगी थर, धारेच्या कडेने ठिपके, आणि टोकापाशी कोटिंगखालून फुगलेले दोन फोड. मग म्यान उलटं केलं, तर चांगलं चमचाभर तपकिरी पाणी फरशीवर पडलं.

चौथ्या दिवशी पाणी! म्यान नायलॉनचं, आत प्लॅस्टिकचं लायनर म्हणजे अस्तर, तळ शिवून आणि वितळवून बंद केलेला. वरून पाऊस आत जातो आणि बाहेर यायला वाट नाही. लायनर आणि पातं यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी धरून राहतं, वारा लागत नाही. म्हणजे घामाचं मीठ आणि पाणी यांच्यात बुडवून पातं चार दिवस बरणीत ठेवल्यासारखं. नाशिक शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, इगतपुरीला ३,००० च्या वर, आणि त्र्यंबकचा डोंगरपट्टाही तसाच झोडपून निघतो. या भागात आणि उभ्या सह्याद्रीत वापरण्यासाठी जो चाकू विकायचा, त्याच्या म्यानाला तळाशी भोक नाही, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. मी एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे हत्यारं-साचे बनवायच्या विभागात काम करतो. भोक पाडायला किती वेळ लागतो आणि किती खर्च येतो, हे मला माहीत आहे.

कंपनीला फोटो पाठवले. पहिलं उत्तर: कार्बन स्टील आहे, गंजणारच, काळजी घ्या. मान्य. गंज न धरणाऱ्या स्टीलमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम लागतं, १०९५ मध्ये ते जवळजवळ नसतंच. हे मला समजून घ्यायचंच नव्हतं, मला म्यानाबद्दल बोलायचं होतं. दुसरं उत्तर: म्यान ही ॲक्सेसरी आहे, वॉरंटी पात्याला. तिसरं: पात्याचं कोटिंग ग्राहकाने घासलेलं दिसतं, म्हणून पात्याची वॉरंटीही गेली. चौथं: तरीही चाकू स्वखर्चाने पाठवा, तपासून सांगतो. आमच्या इथल्या दोन कुरिअरवाल्यांनी पाकिटात चाकू आहे म्हटल्यावर घेतलाच नाही. हे कळवलं तर पुढच्या खरेदीवर १० टक्के सूट देऊ केली. त्या दिवशी मी रागाने एक मेल लिहिला आणि पाठवला नाही. बरं झालं.

त्या आठवड्यात माझं मत पार उलटलं होतं. वाटलं, स्टीलच हलकं असणार, १०९५ म्हणून भलतंच काही लावलं असेल. मी काम करतो तिथे रॉकवेल टेस्टर, म्हणजे स्टीलचा कडकपणा मोजायचं यंत्र आहे. सुपरवायझरची परवानगी काढून मुठीलगतच्या सपाट जागेवर तीन रीडिंग घेतली. ५६, ५७, ५७. म्हणजे या चाकूला पाणी नीट दिलेलं आहे, टेम्परिंग, म्हणजे त्यानंतर बेताने तापवून ठिसूळपणा घालवणं, तेही चोख आहे. स्टीलवर घेतलेला संशय चुकीचा होता आणि तो मी इथे मागे घेतो. जाता जाता: चाकू रस्त्यावरच्या कोरड्या चाकावर धार लावायला देऊ नका. ३०० अंशांच्या आसपास स्टील निळं पडतं. धार निळी झाली की तेवढ्या भागाचं टेम्परिंग गेलं, मग कितीही घासा, धार टिकणार नाही.

आईने हे सगळं प्रकरण ऐकून घेतलं आणि ओट्याखालची विळी दाखवली. माझ्या जन्माआधीची. तीही साध्या कार्बन स्टीलची, कोटिंग नाही, पातं करडं-काळं पडलेलं. चिंच, कैरी, लिंबू, मासे सगळं तिच्यावर होतं. गंज नाही. "चिरून झालं की धुते, पुसते आणि उघडी ठेवते," ती म्हणाली. "ओली विळी फडक्यात गुंडाळून ठेवली असती तर तिचंही असंच झालं असतं." त्या रात्री मला माझा वाटा कळला. पाठ घासून मी स्टील उघडं केलं होतं आणि त्यावर तेलाचा थेंब लावला नव्हता. घरी आल्यावर चाकू बाहेर काढला नव्हता. पण फडकं गुंडाळून देणारी कंपनी होती, हेही तितकंच खरं.

गंज काढला तो असा. पातं व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडात अर्धा तास गुंडाळलं, मग शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने पाणी घेऊन घासलं. धारेजवळ सुईच्या टोकाएवढे दोन खड्डे राहिले, ते आता जन्मभर राहतील. उघड्या भागाला पुन्हा व्हिनेगर लावून मुद्दाम करडा थर येऊ दिला, विळीला आलाय तसा. त्याने गंज थांबत नाही, पण धरायला वेळ लागतो. तेलाचे प्रयोग बरेच केले. शेंगदाण्याचं तेल आठवड्यात चिकट झालं आणि त्याला धूळ चिकटली. खोबरेल थंडीत गोठतं. शिलाई मशीनचं तेल गंजाला चांगलं, पण त्याच चाकूने फळ कापायचं असतं. शेवटी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलं. वास नाही, चिकटत नाही, फळाबरोबर थेंबभर पोटात गेलं तरी अपाय नाही, आणि ६० रुपयांची बाटली दोन पावसाळे पुरेल.

आणि म्यान. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी जुन्या म्यानाच्या तळाला ८ मिलिमीटरचं भोक पाडलं, कडा तापलेल्या खिळ्याने वितळवून बंद केल्या. तुटक्या क्लिपच्या जागी नाशिकच्या भद्रकालीतल्या एका चप्पल शिवणाऱ्या काकांकडून १२० रुपयांत चामड्याचा पट्टा शिवून घेतला. त्यांनी अख्खं म्यानच चामड्याचं शिवू का विचारलं. नको म्हटलं, कारण चामडं ओल धरतं आणि कमावताना वापरलेले क्षार स्टीलला बाधतात. त्यानंतर अंजनेरी, ब्रह्मगिरी, आणि सप्टेंबरात पुन्हा हरिहर, या वेळी चाकू सॅकमध्ये. तिन्ही वेळा म्यान चिंब भिजलं, तिन्ही वेळा रात्री टांगल्यावर सकाळपर्यंत कोरडं. पात्यावर एक ठिपकाही नाही. तेलाचाही हात आहे यात, पण चौथ्या दिवशी निघालेलं पाणी तेलाने कमी झालं नसतं.

हे सगळं फोटोंसह नवव्या मेलमध्ये लिहिलं. ऑक्टोबरात तिथल्या एका माणसाने स्वतः फोन केला, वीस मिनिटं शांतपणे ऐकलं, भोक किती मोठं पाडलं ते विचारलं. पुढच्या बॅचमध्ये बदल करतो म्हणाला. आणि मंगळवारी म्यान आलं. माझ्यासारख्या एका गिऱ्हाइकाचं ऐकून त्यांनी वस्तू बदलली, याची किंमत मी कमी लेखत नाही. ज्या दोघा मित्रांनी माझ्या सांगण्यावरून घेतला, त्यांनाही म्यान पाठवायचं कबूल केलंय.

कुणीतरी विचारेल म्हणून: शस्त्र परवान्याचा प्रश्न ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला येतो, हा त्यात बसत नाही. तरी शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चे मनाई आदेश निघतात तेव्हा त्यात सुरेही येतात. कमरेला लावून शहरात फिरू नका, सॅकच्या तळाशी ठेवा.

आता नव्या म्यानाबद्दल. क्लिपच्या जागी जाड पट्टा आलाय, शिवण दुहेरी आहे, चाकू उलटा धरून हलवला तरी सुटत नाही. पण रिंगच्या आत मोजलं तर भोक फक्त ३ मिलिमीटर. मोरीत टांगून एक ग्लास पाणी ओतलं, तर निथळायला पाऊण मिनिट लागलं. ठीक आहे. मग बागेतली काळी माती कालवून तेच पाणी ओतलं. दुसऱ्या ग्लासाला भोक बुजलं. पावसाळ्यात डोंगरावर चिखल असतोच, तिथे ३ मिलिमीटर पुरणार नाही. तेवढं कंपनीला बाराव्या मेलमध्ये कळवलंय, मोजमापासह.

उद्या सेकंड शिफ्टला जाताना म्यान बरोबर नेतोय. रिंग काढायची आणि ८ चा ड्रिल मारायचा.