ब्रायर आणि नासपती: हाताने कोरलेले दोन पाईप, काही महिन्यांच्या वापरानंतर

एक ब्रायरचा आणि एक नासपतीच्या लाकडाचा, असे तंबाखू ओढायचे दोन पाईप स्वतः कोरून गेले काही महिने आलटून पालटून वापरतोय. लाकूड कुठलं घ्यावं असं विचारलं की बहुतेक वेळा "कुठलंही कडक लाकूड चालतं" एवढंच ऐकायला मिळतं, आणि ते मला अजिबात पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. एक आधीच सांगतो, लाकूड कितीही चांगलं असलं तरी तंबाखूचा अपाय त्याने कमी होत नाही. इथे प्रश्न फक्त एवढाच की धुरासोबत लाकडातलं अजून काही पोटात जाऊ नये.

ब्रायर म्हणजे एरिका आर्बोरिया या भूमध्य समुद्राकाठच्या झुडपाची, मुळं आणि खोड जिथे मिळतात तिथली गाठ. ती कापून तासन्तास उकळतात म्हणजे आतला रस आणि टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) निघून जातं, मग महिनोन्महिने सावकाश वाळवतात. फ्रान्समधल्या सँ-क्लोद गावात १९व्या शतकाच्या मध्यापासून याचेच पाईप बनतायत आणि वापरल्यावर कळतं का ते. वाटी, म्हणजे तंबाखू भरायचा खोलगट भाग, गरम होते पण हातात धरवते, सुरुवातीचे काही दिवस सोडले तर लाकडाची चव येत नाही, आणि आत कार्बनचा थर सगळीकडे सारखा बसलाय.

नासपती कोरायला मात्र फार सुंदर, रेषा बारीक, कानस मऊ चालते, कुठे ढलपी निघत नाही. पण उष्णता सहन करण्यात ब्रायरच्या मागे. पहिले काही आठवडे गोडसर लाकडी चव येत राहिली, जरा भरभर ओढलं की वाटी तापते, आणि आता तळाशी हवेच्या भोकाजवळ थोडं काळं पडलंय. वाटीची भिंत मी मुद्दाम जाड ठेवली होती, ७-८ मिमी, म्हणून टिकलाय असं माझं मत. चेरी, ऑलिव्ह हीसुद्धा पाईपसाठी जुनी, वापरातली लाकडं आहेत, पण पूर्ण वाळलेलीच घ्यायची, ओलं राहिलं तर तडा गेलाच म्हणून समजा.

आता काय टाळायचं, कारण खरी काळजी मला याचीच वाटते. कण्हेर, यू ही झाडंच विषारी, त्यांचा विचारसुद्धा नको. रोझवुड, कोकोबोलो, साग दिसायला देखणे पण त्यांच्यातल्या तेलांनी आणि भुशाने बऱ्याच जणांच्या अंगावर पुरळ उठतं, असलं लाकूड निखाऱ्याला लावून त्याचा धूर तोंडात का घ्यायचा? पाइनमध्ये राळ, तापली की चिकट आणि कडवट, शिवाय लाकूड मऊ म्हणून लवकर जळतं. बुरशीने नक्षी पडलेलं लाकूडही नको. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कुठून आलं माहीत नाही असा तुकडा, जुनी चौकट, कुंपणाचा खांब वगैरे, कारण वाळवी लागू नये म्हणून कित्येक वर्षं अशा लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण मुरवलं जायचं, आणि जाळलं की आर्सेनिक धुरात आणि राखेत येतं. बाहेरून बघून हे कळेलच असं नाही. प्लायवूड आणि एमडीएफमध्ये गोंद असतो, तेही बाद. झाडाचं नाव खात्रीने माहीत नसेल तर मी तो तुकडा पाईपसाठी घेतच नाही, कितीही छान दिसू दे.

फिनिशबद्दल पण बोललं पाहिजे. वाटीच्या आत व्हार्निश किंवा पॉलिश बिलकुल नको. मी आतून ताकात कालवलेली अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोलची पूड लावून नीट वाळू दिली, नासपतीला त्याचा चांगला आधार झाला. बाहेरून फक्त कार्नोबा वॅक्स (एका ताडाच्या पानांवरचं मेण), चमक मस्त येते.

कोरताना मास्क लावाच, सुरक्षित लाकडाचासुद्धा भुसा सुरक्षित नसतो, १९९५ मध्ये आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) लाकडाचा भुसा कर्करोगकारक गटात टाकलाय.

दोघांत एकच घ्यायचा असेल तर ब्रायर, उकळून वाळवलेला तयार ठोकळा मिळतो तो घ्या. हात बसवायला म्हणून नासपती उत्तम, पण एकदा ओढला की निदान एक दिवस तो पाईप बाजूला ठेवून पूर्ण सुकू द्या, माझ्या नासपतीला तर मी दोन दिवस देतो.