बल्ब बदलायचाय? आधी बंपर काढा

तीन वर्षं आणि ४१,००० किलोमीटर झाले, आता या गाडीविषयी लिहायला हरकत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. माझं भांडण काही एकाच कंपनीशी नाही, आणि यातली निम्मी गाऱ्हाणी तुमच्या दारातल्या गाडीलाही लागू पडतील. एक लिटरचं तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, ऑटोमॅटिक गिअर, उंच बांधा. कुठल्याही लग्नाच्या हॉलबाहेर अशा चार उभ्या असतात, एवढ्यावर ओळखा.

चालवायला गाडी झकास आहे, हे आधी सांगून टाकते. बेळगावला जाताना चोर्ला घाट ती कुरकुर न करता चढते. मे महिन्यात साखळी ते पणजी एसी दोनवर पुरतो. सासूबाईंना गुडघे न वाकवता आत बसता येतं, आणि आमच्या घरात हा सगळ्यात मोठा गुण. शोरूमवाल्यांनी सांगितलेल्या गोष्टींत खोट काहीच निघाली नाही. खोट निघाली ती त्यांनी न सांगितलेल्या गोष्टींत, आणि मीही विचारल्या नव्हत्या.

मी गाडी नुसती चालवत नाही, तिचं घरचं सगळं बघते. माझे बाबा खाणीवरच्या गॅरेजात होते, २०१२ साली खाणी बंद होईपर्यंत. स्पार्क प्लगमधलं अंतर फीलर गेजने कसं मोजायचं हे त्यांनी मला दहावीच्या सुट्टीत शिकवलं, स्वयंपाक त्यानंतर आला. आता मी उच्च माध्यमिक शाळेत प्रयोगशाळा सहाय्यक आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांनी बिघडवलेल्या वस्तू जोडणे हाच धंदा. ऑइल, फिल्टर, बॅटरी, बल्ब, वायपर ही कामं मी कधी बाहेर दिली नाहीत. बाबांची १९९८ची मारुती ८०० अजून आमच्या शेडमध्ये आहे. १५ वर्षांनी नोंदणी वाढवली, मग दर पाच वर्षांनी वाढवत आलो. गेल्या खेपेला म्हणजे २०२३ला नवरा म्हणाला, "आता पुरे." मी ऐकलं नाही. ते बरंच झालं, कारण पुढे वाचा.

२०२४ची चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, शनिवारी होती. आदल्या दिवशी, तयेला म्हणजे हरतालिकेला, संध्याकाळी शाळेतून येताना उजवा दिवा गेला. पाऊस कसला, तर समोरचा ट्रक नुसता आवाजावरून ओळखायचा. घरी आले, चहा टाकला आणि म्हटलं, दहा मिनिटांचं काम आहे. ८००चा बल्ब मी अंधारात बदललाय. मागचा कनेक्टर ओढायचा, रबराची टोपी काढायची, तारेची स्प्रिंग बाजूला सारायची, बल्ब बाहेर. चहाला आधण येईपर्यंत होतं.

इथे बॉनेट उघडलं तर दिव्याच्या मागे बॅटरीचा ट्रे, त्याच्या बाजूला वायपरच्या पाण्याच्या टाकीची मान, आणि मधे साधारण चार बोटांची फट. हात मनगटापर्यंत जातो. मनगट वळलं तर टोपीच्या कडेला बोट लागतं. टोपी मात्र फिरत नाही, कारण फिरवायला लागतो अंगठा आणि अंगठा बाहेर अडकलेला. पत्र्याच्या कडेने मनगटावर जी रेघ ओढली ती दसऱ्यापर्यंत होती. मग मॅन्युअल काढलं. चारशेच्या वर पानांचं पुस्तक, त्यात मोबाइल कसा जोडायचा यावर भरपूर पानं, आणि पुढच्या दिव्याच्या बल्बवर एक ओळ: अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधा.

फोन केला. पलीकडच्या मुलाने अगदी नम्रपणे सांगितलं, "मॅडम, त्याला पुढचा बंपर काढावा लागतो. मंगळवारी आणा." बल्बची किंमत चारशेच्या आत आणि मजुरी त्याच्या चौपट. मी म्हटलं, बंपर मीच काढते.

काढला. दोन्ही चाकांच्या कमानीत दोन-दोन स्क्रू, वर सहा प्लास्टिकच्या क्लिपा, खाली आणखी काही. नवरा टॉर्च धरून उभा होता आणि दर दोन मिनिटांनी "हे नक्की परत बसेल ना?" असं विचारत होता. सहापैकी दोन क्लिपा तुटल्या. या क्लिपा म्हणजे मधली खिटी वर ओढायची आणि मग अख्खी बाहेर काढायची अशी रचना. नवीन असताना छान चालतात. दोन पावसाळे खाल्ले की खिटीभोवती लाल माती घट्ट बसते, खिटी वर येत नाही, तिचं डोकंच हातात येतं. बंपर सुटला तेव्हा त्यातून वाटीभर पाणी आणि एक मेलेली पाल पडली.

बल्ब एच-७, ५५ वॅटचा, गावातल्या दुकानात मिळाला. दोन मागितले होते, कारण एक गेला की दुसरा मागोमाग जातो. दुकानात एकच शिल्लक होता. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नाही, हे मी मुलांना दिवे दाखवताना नेहमी सांगते. हाताचा तेलकटपणा आणि मीठ क्वार्ट्झच्या तापलेल्या काचेवर डाग धरतं, तिथे काच कमजोर होते आणि बल्ब लवकर जातो. त्या चार बोटांच्या फटीतून काचेला न शिवता बल्ब घालून दाखवणाऱ्याला मी प्रयोगवहीत पैकीच्या पैकी देईन.

हे सगळं होईपर्यंत रात्रीचे साडेआठ झाले, बंपर व्हरांड्यात आडवा आणि माटोळीचा, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांचा, बाजार अजून व्हायचा. तेव्हा ८०० बाहेर काढली. नारळाचा घोस, सुपारीचे घड, तोरिंगं, कवंडळं, सगळं मागच्या सीटवर भरून आणलं. दोन्ही दिवे लागत होते.

ऑइलचं प्रकरण त्या मानाने सुसह्य, पण वेळखाऊ. इंजिनाखाली प्लास्टिकचं एक मोठं ताट आहे. ते चिखल अडवतं, हवा नीट वाहू देतं, त्याला माझा विरोध नाही. पण ते धरून ठेवायला १३ स्क्रू, तेही तीन जातींचे: काही टॉर्क्स (चांदणीच्या खाचेचे), काही १० नंबरच्या पान्याचे, बाकी त्याच क्लिपा. त्यातला एक ज्या नटमध्ये बसतो तो नट प्लास्टिकवर नुसता चिमटलेला. गंज चढला की स्क्रूबरोबर नटही गोल फिरतो, आपण फिरवत बसायचं. ताटाला एक छोटी खिडकी ठेवलीय, तिच्यातून ऑइलचा बोल्ट दिसतो पण फिल्टर नाही. फिल्टर आडवा, बरोबर चाकाच्या दांड्याच्या वर. सोडवला की ऑइल दांड्यावर, दांड्यावरून ताटावर, आणि पुढचे दोन दिवस तुळशीसमोर थेंब थेंब. ८००मध्ये ताट नाही. तिच्याखाली घमेलं सरकवायचं आणि पेपर वाचत बसायचं.

बॉनेट उघडल्यावर ८००मध्ये इंजिनाच्या कडेने खालची जमीन दिसते. पाना निसटला तर जमिनीवर पडतो. या गाडीत माझा १०चा गोटी पाना ऑक्टोबर २०२३ मध्ये निसटला तो जमिनीपर्यंत पोचलेलाच नाही. डावीकडे जोरात वळवली की कधी कधी त्याचा आवाज येतो.

एअर फिल्टरवर मात्र माझा खरा राग आहे. आमच्या डिचोली तालुक्यात खनिजाचे ट्रक धावतात त्या दिवसांत फिल्टर वेळापत्रकाच्या कितीतरी आधी लाल होतो. तो वरचेवर झटकायला सोपा हवा. ८००ला पत्र्याच्या चिमट्या आहेत, बोटाने उघडतात. इथे पाच टॉर्क्स स्क्रू, आणि वर टर्बोकडे जाणारी नळी सोडवायची. मागचे दोन स्क्रू तर आरशात बघून काढावे लागतात. दातांच्या डॉक्टरचा असतो तसला छोटा आरसा मी त्यासाठीच घेतला.

बॅटरीचं थोडक्यात सांगते. सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू होणारी गाडी असल्यामुळे साधी बॅटरी चालत नाही, जवळजवळ दीडपट किमतीची लागते. बदलल्यावर खिडक्या आपोआप वर जाणं विसरल्या आणि स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागला. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं तेव्हा विझला. हे मॅन्युअलमध्ये होतं, श्रेय देते.

मागच्या ब्रेकना मी हात लावला नाही. हँडब्रेक बटणाचा आहे, म्हणजे पिस्टनवर मोटर बसवलेली. ती कॉम्प्युटरने मागे घेतल्याशिवाय नवीन पॅड बसत नाहीत, आणि जबरदस्ती केली तर मोटरच जाते. मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं यंत्र आणलं होतं, ते बिघाडाचे कोड वाचतं, पण मोटरला हुकूम द्यायला त्याला परवानगी नाही. गावातल्या मेस्त्रीकडे गेले. बाबांच्या हाताखाली शिकलेला माणूस. त्याने खाली वाकून बघितलं, हात पुसले आणि म्हणाला, "वयनी, ह्या गाडयेक हांव हात लावचो ना." त्याला इंजिनं कळत नाहीत असं कोणी म्हणू नये. त्याच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही, एवढंच.

आता कंपनीची बाजू. इंजिनाभोवती जागा नाही याला कारणं आहेत. धूर स्वच्छ करणारा कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून तो इंजिनाला चिकटवून ठेवतात, आणि एप्रिल २०२०पासून धुराचा बीएस-६ हा कडक नियम सक्तीचा झाल्यावर तर पर्यायच उरला नाही. टर्बो आला, त्याच्या नळ्या आल्या, टक्कर झाली तर चेपायला मोकळी जागा हवी. हे सगळं मला पटतं. पण फिल्टरच्या झाकणाला चिमटीऐवजी टॉर्क्स स्क्रू लावल्याने धूर कमी होत नाही. दिव्याच्या मागे आणखी तीन बोटं जागा सोडली असती तर टक्करीत कोणी मेलं नसतं. तिथे मालकाचा हात जाईल, हा विचारच कोणाच्या टेबलावर नव्हता.

आणि कधी कधी तर तो जाऊ नये असाच विचार असतो. २५ ऑगस्ट २०१४ला भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपये दंड ठोठावला होता, तो याचसाठी: सुटे भाग खुल्या बाजारात मिळू द्यायचे नाहीत, तपासणीची यंत्रं आणि माहिती बाहेरच्या गॅरेजांना द्यायची नाही. पुढे ते अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही आहेत. आमच्या मेस्त्रीला मी ते दाखवलं. त्याने विचारलं, यातून मोटर मागे जाते का?

घ्यावी का ही गाडी? सर्व्हिसला देऊन संध्याकाळी परत आणणाऱ्यांनी खुशाल घ्यावी, त्यांना यातलं काही कळणारही नाही. माझ्यासारख्यांनी टेस्ट ड्राइव्हला गेल्यावर आधी बॉनेट उघडायला सांगावं आणि दिव्याच्या मागे हात घालून बघावा. सेल्समन घाबरतो, घाबरू द्यावा. पाचपैकी तीन तारे देते, त्यातला अर्धा सासूबाईंचा.

डावा दिवा गेल्या आठवड्यापासून पिवळट दिसतोय. बल्ब आणि क्लिपांची पुडी ग्लोव्ह बॉक्समध्ये तयार आहे. चवथ पुन्हा जवळ आलीय, आणि नवऱ्याने ८००ची बॅटरी आत्ताच चार्जिंगला लावलीय.