गच्चीवरची खोला मिरची: जूनपासूनचा अनुभव

घरी लाल मसाला करणारे मिरच्या मिसळतात, रंगाला ब्याडगी आणि तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. गोव्याच्या काणकोण तालुक्यातल्या खोला मिरचीत रंग आणि मध्यम तिखटपणा दोन्ही सापडतात, म्हणून मी ती ठाण्यात गच्चीवर लावून बघितली. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालंय.

तिकडे ही मिरची डोंगरउतारावर, पावसाच्या पाण्यावर होते. म्हणजे पाणी हवं, पण साचलेलं नको. ग्रो बॅगेतल्या मातीत कोकोपीट आणि जाड वाळू घातली, बॅगा विटांवर ठेवल्या. श्रावणातल्या झडीतही एक रोप कुजलं नाही. त्रास झाला तो पाऊस ओसरल्यावर. फुलकिडे आले, शेंड्याची पानं वरच्या बाजूला वळली, चुरडामुरडा म्हणतात तोच. दर आठवड्याला संध्याकाळी पानांच्या खालून कडुनिंबाचं तेल फवारलं. कीड आटोक्यात राहिली, गेली मात्र नाही. शेजारीच लवंगी आहे, त्यामुळे घरचं बी मी धरणार नाही. मिरचीत परपरागीकरण होतं, पुढच्या पिढीचा भरवसा नाही.

आता स्वयंपाकघर. रेशाद, म्हणजे माशात भरायच्या गोव्याच्या आंबट-तिखट मसाल्याला हिच्यासारखी मिरची मी तरी वापरलेली नाही. वाळक्या मिरच्या माडाच्या व्हिनेगरात भिजवायच्या, लसूण, आलं, जिरं, मिरी, लवंग, दालचिनी, थोडी चिंच, चिमूटभर साखर घालून पाण्याचा थेंबही न टाकता वाटायच्या. बांगड्यात भरून तव्यावर टाकला की तेल लालभडक होतं आणि मसाला काळवंडत नाही. तिखट जाणवतं, पण लसूण आणि व्हिनेगरची चव त्याखाली दबत नाही. मला मोल आहे ते याचंच. हुमण, म्हणजे गोव्याकडची माशांची आमटी, तीही छान होते. मिसळीच्या तर्रीला मात्र ही कमी पडते. घरातल्या झणझणीत भिवापुरी मिरचीच्या चाहत्यांनी तर सरळ नाक मुरडलं. हिरवी असताना ठेचा केला, खाल्ला, विसरलो.

एक हिशेब आधीच करून ठेवा: चार किलो ओल्या लाल मिरचीची वाळून जेमतेम किलोभर होते. कुंड्यांवर वर्षाचं तिखट निघत नाही, बाजारात ती ब्याडगीपेक्षा महाग पडते. पुढच्या वर्षी दोनच झाडं ठेवीन आणि बाकीची मे महिन्यात, पुरुमेताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या खरेदीच्या दिवसांत, काणकोणहून मागवीन.