अमळनेरच्या उन्हात पन्नास हजारांचा गेमिंग पीसी

यूट्यूबवर पार्ट सुचवणारे बहुतेक जण एसीच्या खोलीत बसलेले असतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो, वरच्या मजल्यावरच्या खोलीत तर विचारूच नका, आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून २०२५ च्या मार्चमध्ये पीसी जुळवायला घेतला तेव्हा यादीत सगळ्यात वर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) लिहिला, त्याखाली कॅबिनेट, आणि ग्राफिक्स कार्ड तिसऱ्या नंबरवर. दुकानदार यादी बघून हसला. हसू दे.

बजेट पन्नास हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरचे जुनेच.

आधी एसएमपीएस. एका दुकानात कॅबिनेटसोबत ‘४५० वॉट’चा एसएमपीएस फुकट मिळत होता. “सगळे हाच नेतात भाऊ, काही होत नाही.” मी त्याच्या बाजूचं स्टिकर वाचलं. १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर. म्हणजे १९२ वॉट, बस. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही याच १२ व्होल्टवर जगतात. मला हवं होतं ते कार्ड एकटंच १३२ वॉट खातं आणि प्रोसेसर भरात आला की ७६ पर्यंत जातो. बेरीज २०८. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत भरून वर मोठ्या अक्षरात ४५० छापलेलं. हातात घेतला तर वजनही नाही. मी ५५० वॉटचा ‘८० प्लस ब्राँझ’ (कमी वीज वाया घालवतो याचा शिक्का) असलेला घेतला, १२ व्होल्टला ४५ अँपिअर लिहिलेला. चार हजारांच्या आसपास पडला आणि पूर्ण यादीत मला सगळ्यात कमी टोचलेला खर्च हाच.

त्याच्या जोडीला ६०० व्हीएचा यूपीएस घरात होताच. हे यूपीएस साधारण ३६० वॉटपर्यंत लोड घेतात. माझा पीसी खेळताना मॉनिटरसकट अडीचशेच्या आगेमागे राहतो. लाइट गेली की गेम सेव्ह करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळतो, त्याहून जास्त अपेक्षा नको. आणि हो, कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आधी वायरमनला बोलावून अर्थिंग बघून घ्या. जुन्या घरांत ते नावालाच असतं.

कॅबिनेट घेताना पुढे काच आणि आत रंगीबेरंगी लाइट असलेला प्रकार मला पहिल्यांदा दाखवला. दिसतो झकास. पण हवा काचेतून आत येत नाही. मी पुढे पूर्ण जाळी असलेला घेतला, तीन पंखेवाला. जाळीमागचा फिल्टर मात्र निघणारा हवा, कारण इथली धूळ आणि कापसाच्या दिवसांत उडणारे तंतू आठवडाभरात तो पांढरा करून टाकतात. एक लक्षात ठेवा, पंखे कितीही लावा, चिप खोलीच्या हवेपेक्षा थंड होणार नाही. दुपारी खोलीतच ४० असेल तर सुरुवातच तिथून आहे.

कार्ड एएमडीचं रेडिऑन आरएक्स ६६००, ८ जीबी. वीस हजारांच्या थोडं वर गेलं. त्याच दुकानात जुनं आरएक्स ५८० निम्म्याहून कमी भावात होतं, पण ते १८५ वॉटचं कार्ड, म्हणजे कमी कामाला जास्त गरमी. शिवाय सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्ड रात्रंदिवस चालवून ते कमावणं) बंद पडल्यावर असा बराच माल बाजारात उतरला, त्यातलं कोणतं कार्ड किती रात्री जळलंय हे डब्यावर लिहिलेलं नसतं. ज्यांच्याकडे वीज फारच रडकी आहे त्यांनी एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघावं. ७० वॉटमध्ये चालतं, वेगळी पॉवर केबलही लागत नाही. ६६०० च्या वेगाला ते पोचत नाही, हे धरून चाला.

प्रोसेसर एएमडीचाच रायझन ५ ५६००. सहा कोअर, डब्यात त्याला थंड ठेवणारा छोटा कूलर फुकट. इंटेलचा आय३ १२१००एफ थोडा स्वस्त होता, पण चार कोअरवर २०२५ मध्ये पैसे घालायला मन होईना. आत ग्राफिक्स असलेला ५६००जी घेऊ नका, कार्ड वेगळं घेणार असाल तर. त्याची कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी आहे. मदरबोर्ड साधा बी४५०. त्यावर कार्ड पीसीआयई ३.० या जुन्या पिढीच्या जोडणीच्या वेगाने चालतं, थोडं नुकसान होतं, मला दोन हजार वाचलेले बरे वाटले. फक्त बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) ५६०० ओळखणारं आहे का हे दुकानातच चालू करून बघा. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये ज्यांच्याकडून बोर्ड घेतला त्यांनी न कुरकुरता समोर लावून दाखवलं, आणि बिलावर सिरियल नंबरही टाकले.

निकाल काय? व्हॅलोरंट मॉनिटरच्या झेपेपलीकडे पळतं, जीटीए ५ हाय सेटिंगवर कुठे अडखळत नाही. मेमधल्या दुपारी प्रोसेसर ८४ अंशांवर गेला होता. तेव्हा आजी दारात येऊन म्हणाली, “हाई मशीन शे का हीटर?” त्या दिवसापासून उन्हाळ्यात फ्रेम सेकंदाला ७५ वर बांधून ठेवतो. एएमडीच्याच सॉफ्टवेअरमध्ये सोय आहे. माझा मॉनिटर तेवढाच दाखवतो, त्यामुळे तोटा काही नाही, आणि पंख्यांचा आवाज एकदम उतरतो. कार्डाचे दोन पंखे जोरात फिरले तरी हेडफोन लावल्यावर ऐकू येत नाहीत. प्रोसेसरचा कूलर मात्र जोर पडला की किंचाळतो. पुढच्या उन्हाळ्याआधी दीड हजाराचा टॉवर कूलर टाकणार आहे.

आज हीच यादी घेऊन गेलात तर अडाल ते रॅमवर. मी ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या तीन-सव्वातीन हजारांत घेतल्या होत्या. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव इतके भडकलेत की तो आकडा विसरा. तरी १६ ची एकच पट्टी घेऊ नका, दोन पट्ट्यांनी खेळात खरंच फरक पडतो, आणि नवी परवडत नसेल तर ऑफिसच्या जुन्या पीसीमधून निघालेली डीडीआर४ (या बोर्डात बसणारी पिढी) चालेल. लॅपटॉपची आखूड पट्टी नव्हे, डेस्कटॉपची लांब. जुन्या कार्डाला मी हात लावत नाही, पण जुन्या रॅमला लावतो. मेमटेस्ट हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर रात्रभर चालू ठेवा, सकाळी एकही लाल ओळ नसेल तर पैसे देऊन टाका.