पंधरा दिवसांत ‘जबाबदार उद्योग’: प्रमाणपत्राच्या नावाखाली आम्हाला घातलेला गंडा

तुमचा छोटा कारखाना असेल, मोठ्या कंपनीला माल देत असाल आणि तिच्या खरेदी विभागाने अलीकडे ‘पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचं काही सर्टिफिकेट आहे का?’ असं विचारलं असेल, तर हे शेवटपर्यंत वाचा. त्या प्रश्नामागोमाग ‘पंधरा दिवसांत काढून देतो’ म्हणणारा माणूसही येतो. आमच्याकडे आला आणि 92,040 रुपये घेऊन गेला.

आमचं पुण्यात धायरीला कापडी पिशव्या शिवायचं युनिट आहे. शिवणाऱ्या सगळ्या बायका, एक कटिंग मास्टर, छपाई बाहेरून. दिवाळीत कंपन्या कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देतात, त्याच्या पिशव्या हा आमचा खरा सीझन. एका जुन्या गिऱ्हाईक कंपनीने या वेळी ऑर्डर देण्याआधी लांबलचक फॉर्म पाठवला: विजेचा वापर किती, चिंध्यांचं काय करता, किमान वेतन देता का, प्रमाणपत्र कोणतं. हे खूळ त्यांच्या डोक्यातून आलेलं नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 सूचीबद्ध कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला आहे. त्या अहवालात माल पुरवणाऱ्यांचाही विषय निघतो, आणि मग वरून सुटलेला प्रश्न घरंगळत आमच्यासारख्यांपर्यंत येतो. प्रश्न रास्त आहे. माझं भांडण त्याच्याशी नाही.

आमच्या भागातल्या उद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी एक नंबर टाकला होता. फोन केला तर दुसऱ्याच दिवशी माणूस हजर. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बाणेर रोडचा पत्ता असलेलं कार्ड. बोलणं असं की समोरच्याने चहाबरोबर चिवडाही द्यावा. “ताई, तुमचं काम तर आधीच ग्रीन आहे. कापडी पिशव्या! प्लॅस्टिकबंदीला तुम्हीच तर हातभार लावताय. तुम्हाला नाही तर कुणाला मिळणार? तुम्ही फक्त सह्या करा, बाकी सगळं आमच्यावर सोडा.”

त्याचं पॅकेज तीन गोष्टींचं होतं. आयएसओ 14001, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापन. आयएसओ 26000, म्हणजे सामाजिक जबाबदारी. आणि वर मुकुट म्हणून बी कॉर्प, म्हणजे नफ्याबरोबर समाज आणि पर्यावरणही बघणाऱ्या कंपनीला मिळणारं प्रमाणपत्र, तेही ‘80 गुणांची लेखी हमी’ देऊन. 78,000 रुपये अधिक 18 टक्के जीएसटी. निम्मे आधी, निम्मे ‘ऑडिट झाल्यावर’.

ऑडिट म्हणजे काय झालं ते सांगते. एक पोरगा आला, मोबाइलवर मशिनचे, अग्निशामक नळकांड्याचे आणि भिंतीवरच्या सूचना फलकाचे फोटो काढले, वीजबिलाची झेरॉक्स आणि उरलेल्या रकमेचा चेक घेतला आणि गेला. एकाही बाईशी बोलला नाही. चिंध्यांची पोती कुठे ठेवता हेही त्याने विचारलं नाही, जो आमच्या धंद्यातला पहिला प्रश्न असायला हवा.

त्यानंतर कुरिअरने खोकं आलं. तीन सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं, फ्रेमसकट, आणि एक जाडजूड फाइल. फाइल मी रात्री घरी नेऊन वाचली. ‘पर्यावरण व्यवस्थापन पुस्तिका’ असं नाव आणि खाली आमच्या युनिटचं नाव. आत लिहिलं होतं की भट्टीतील राख स्वतंत्र साठवली जाते आणि प्लेटिंगच्या टाकीतलं पाणी प्रक्रिया करूनच सोडलं जातं. आमच्याकडे भट्टी म्हणाल तर चहाची शेगडी. कुठल्या तरी फाउंड्रीची पुस्तिका घेऊन नाव तेवढं बदललेलं, आणि तेही सगळीकडे नाही. पान 31 वर त्या मूळ युनिटचा गट नंबर तसाच राहिला होता. फोन केला तर म्हणाला, “ते स्टँडर्ड फॉरमॅट असतं ताई, कुणी वाचत नाही.”

त्याहून मजा ऑडिट अहवालात होती. ‘लेखापरीक्षकांनी प्रत्यक्ष भेट दिली, सर्व मशिन सुरू असल्याचे पाहिले, आठ महिला कामगारांच्या मुलाखती घेतल्या.’ तारीख बघितली तर गुरुवार. पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते हे इथल्या शेंबड्या पोराला माहीत आहे. आमची साप्ताहिक सुट्टीच त्यामुळे गुरुवारी असते. बंद शटरच्या आड कुणाच्या मुलाखती घेतल्या, ते तोच जाणे.

तरी प्रमाणपत्रावर क्यूआर कोड होता. स्कॅन केला की वेबसाइट उघडायची, त्यावर आमचं नाव, नंबर, वैधतेची तारीख आणि हिरवी टिकमार्क. हा भाग नीट समजून घ्या, कारण सगळी चलाखी इथेच आहे. तो कोड ज्या वेबसाइटवर नेतो ती त्यांचीच. प्रमाणपत्रावर खाली ज्या ‘आंतरराष्ट्रीय मान्यता मंडळा’चा शिक्का होता, त्याची वेबसाइटही त्यांचीच निघाली, दोन्हीकडे तळाशी तोच फोन नंबर. चोरानेच पंचनामा करायचा आणि चोरानेच साक्ष द्यायची.

गिऱ्हाईक कंपनीच्या खरेदी विभागातल्या मॅडमना मी स्कॅन पाठवले. त्यांचा फोन लगेच आला. आवाज नरम होता, पण मुद्दा सरळ: “मॅडम, आयएसओ 26000 चं सर्टिफिकेट जगात कुणालाच मिळत नाही.”

खरंच मिळत नाही. 2010 साली आलेलं हे मानक फक्त मार्गदर्शन आहे. त्यात ‘हे करावं’ आहे, ‘हे केलंच पाहिजे’ नाही. म्हणून त्याच्यावर कुणाला उत्तीर्ण-अनुत्तीर्ण ठरवताच येत नाही, आणि आयएसओनेच तसं स्पष्ट म्हटलेलं आहे. म्हणजे त्या फ्रेममधला कागद खोटा आहे की खरा, हे तपासायचीही गरज नव्हती. तो मुळात असूच शकत नव्हता. तुम्हाला कुणी आयएसओ 26000 चं प्रमाणपत्र देऊ केलं, तर तिथेच बोलणं थांबवा.

बाकी दोघांची गत मग मी आणि आमच्या सीएंनी मिळून तपासली. आयएसओ ही जिनिव्हाची संस्था फक्त मानकं लिहिते, प्रमाणपत्र देत नाही. ते देतात वेगळ्या संस्था, आणि त्या संस्थांना तपासून मान्यता देणारी भारतातली अधिकृत यंत्रणा म्हणजे क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाखालची एनएबीसीबी. परदेशी मान्यता मंडळंही चालतात, पण ती आंतरराष्ट्रीय परस्पर-मान्यतेच्या करारातली (पूर्वी हा करार आयएएफ या मंचाचा होता) हवीत. आमच्या कागदावरचं मंडळ यातल्या कुठल्याच यादीत नव्हतं. दुसरी खूण अजून सोपी: ज्या संस्थेने तुमची पुस्तिका लिहून दिली, तीच तुम्हाला प्रमाणपत्र देऊ शकत नाही. प्रमाणन संस्थांच्या नियमातच सल्ला आणि तपासणी एका हाताने करायला मनाई आहे. आमच्याकडे पुस्तिका, तपासणी, निकाल आणि बिल, सगळं एकाच बाणेर रोडवरून.

बी कॉर्पचं तर विचारूच नका. हे प्रमाणपत्र देते बी लॅब ही 2006 साली अमेरिकेत सुरू झालेली ना-नफा संस्था. त्यांची प्रश्नावली ऑनलाइन आहे आणि ती भरून बघायला पैसे लागत नाहीत. जुन्या पद्धतीत 200 पैकी किमान 80 गुण लागायचे, शिवाय कंपनीच्या घटनेत बदल करून ‘फक्त भागधारकांचं नाही, कामगार, गाव, पर्यावरण सगळ्यांचं बघू’ असं कायदेशीर बंधन घ्यावं लागायचं. ते बंधन आजही आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये जे नवे निकष आले, त्यांत गुणांची बेरीजच काढून टाकली आणि हवामान, मानवी हक्क, योग्य वेतन-काम अशा सात विषयांत प्रत्येक ठिकाणी अटी पूर्ण करायला लावल्या. तेव्हा ‘80 गुणांची हमी’ देणारा माणूस तुम्हाला जुना पेपर फुटल्याचं सांगून विकतोय. ज्यांना खरोखर मिळालंय, त्यांची नावं बी लॅबच्या सार्वजनिक यादीत सापडतात. आमचं सापडलं नाही, हे सांगायला नको.

कामगारांशी वागणुकीचं प्रमाणपत्र हवं असेल तर एसए 8000 नावाचं खरं, तपासता येणारं मानक आहे. त्याचे लेखापरीक्षक बायकांशी मालकाला बाहेर बसवून बोलतात, वयाचे दाखले आणि पगारपत्रक बघतात, आठवड्याला 48 तास आणि त्यावर ओव्हरटाइम 12 तासांपलीकडे जातो का ते हजेरीवरून मोजतात. दिवाळीच्या आधीचे आठवडे आठवून मला तिथेच घाम फुटला. पण ते प्रमाणपत्र असंच असायला पाहिजे ना? जे देणारा तुमच्याकडे एकही अडचणीचा प्रश्न विचारत नाही, त्याने काय तपासलं?

पैशाची गोष्ट पुढे अजून बिघडली. सीएंनी महिनाअखेरीला 2बी, म्हणजे विक्रेत्यांनी आमच्या नावावर दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी काढली, तर त्यात यांचं बिल नाही. बिलावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला, तर नोंदणी कधीच रद्द झालेली आणि नावही दुसऱ्याच कुणा व्यापाऱ्याचं. म्हणजे 14,040 रुपये ‘जीएसटी’ म्हणून घेतले ते सरकारकडे गेलेच नाहीत, आणि आम्हाला त्याचं क्रेडिट, म्हणजे आमच्या करातून वजावटही नाही. हा नंबर तपासायला लॉगिन लागत नाही, पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेअर’मध्ये कुणीही बघू शकतं. चेक लिहायच्या आधी दोन मिनिटं काढा.

त्याला जाब विचारला तेव्हा आधी गोड बोलला, मग “रिन्यूअलच्या वेळी ॲडजस्ट करू”, मग फोन उचलणं बंद. बाणेर रोडच्या पत्त्यावर गेले तर ते भाड्याच्या टेबलांचं ऑफिस. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ते लोक टपालापुरता पत्ता वापरायचे. चौकीत साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कागद तर दिलेत ना त्यांनी? मग हा व्यवहाराचा वाद झाला.” त्यांचं अगदीच चूक नाही. बिनमान्यतेचं आयएसओ प्रमाणपत्र देणं हा स्वतःहून गुन्हा ठरत नाही. ते फक्त कवडीमोलाचं असतं. म्हणून तक्रारीत जोर कशावर द्यायचा हे ठरवावं लागतं. आम्ही वकिलांकडून लिहून घेतलं: अस्तित्वात नसलेलं आयएसओ 26000 प्रमाणपत्र, बी कॉर्पच्या चिन्हाचा खोटा वापर, न झालेल्या भेटीचा अहवाल आणि रद्द झालेला जीएसटी नंबर. एवढं कागदावर मांडल्यावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली, म्हणजे फसवणुकीची, तक्रार घेतली गेली. त्या चारपैकी गुरुवारच्या अहवालाने सगळ्यात जास्त काम केलं, कारण वीज कंपनीचा देखभालीचा मेसेज माझ्या मोबाइलमध्ये तारखेसकट होता.

तुम्ही पैसे ऑनलाइन दिले असतील तर वेळ न घालवता सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत अडवता आले तर तिथेच. आमचे दोन्ही चेक वटून गेले होते. ग्राहक आयोगाचा रस्ताही सरळ नाही. धंद्यासाठी घेतलेली सेवा असली की समोरचा ‘तुम्ही ग्राहकच नाही’ म्हणतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला उद्योग असेल तर कायद्यात सवलत आहे, पण ते सिद्ध करत बसावं लागतं.

एक धोका मात्र कुणी सांगत नाही. त्यांनी प्रमाणपत्रांबरोबर लोगोही दिले होते, “पिशवीवर छापा ताई, भाव वाढेल.” एका लॉटला आम्ही टॅग लावले होते. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये खोट्या पर्यावरणपूरक दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे फसवणारा गेला पळून, आणि खोटा दावा करणारे म्हणून उभे राहिलो असतो आम्ही. माल बाहेर पडायच्या आत बायकांनी बसून सगळे टॅग उसवले. त्या दिवसाची मजुरी मी 92,040 मध्ये धरलेलीच नाही.

खरेदी विभागातल्या त्या मॅडमनीच मग रस्ता सांगितला. केंद्राच्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग मंत्रालयाची झेड (झीरो डिफेक्ट, झीरो इफेक्ट: मालात दोष नाही, पर्यावरणाला इजा नाही) ही प्रमाणपत्राची योजना आहे, ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा पायऱ्यांची. ब्राँझचं शुल्क त्यात 10,000 ठेवलं होतं आणि सूक्ष्म उद्योगाला 80 टक्के सूट. अर्ज सरकारी पोर्टलवर स्वतः करायचा. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी लागते आणि तीही फुकट असते, तिचेही पैसे घेणारे बसलेत. फोटो आणि कागद आमचे आम्ही चढवतोय. चिंध्यांच्या वजनाची वही आता कटिंग मास्टर ठेवतो. उशीभरणीवाला पोती नेतो तेव्हा त्याचीही सही घेतो, सुरुवातीला तो हसायचा.

दिवाळीची ऑर्डर गेली ती गेली, हडपसरच्या एका युनिटला मिळाली. तक्रारीचा तपास चालू आहे. त्या माणसाचा नंबर बंद आहे, पण आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात नव्या नंबरवरून जाहिरात पडली: ‘कार्बन न्यूट्रल सर्टिफिकेट, दहा दिवसांत, भेटीची गरज नाही.’ खाली पत्ता बाणेर रोडचाच होता. मी ती स्क्रीनशॉट काढून तपास अधिकाऱ्यांना पाठवली आणि ग्रुपवर आमच्या फाइलचं पान 31 टाकलं.