पद्मिनी दीड इंच खाली घेतली, त्याला आता वर्ष होत आलं

प्रीमियर पद्मिनी लोअर करायला, म्हणजे गाडीची उंची कमी करायला, किती खर्च येतो, असं कोणी विचारलं की मी उलट विचारतो, पुढचे बुश, म्हणजे सांध्यांतल्या झिजणाऱ्या नळ्या, कधी बदललेत? गाडी खाली आणणं स्वस्तात होतं. झिजलेल्या सामानावर ती खाली आणली की मग महागात जातं. कोल्हापुरात वर्षभर अशी गाडी चालवल्यावर माझं मत हे असं झालंय.

गाडी १९८५ ची. १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगला, चारी चाकांना ड्रम. खाली घ्यायचं कारण एकच, दिसणं. टायर आणि मडगार्ड यांच्यातली ती मोठी फट मला बघवत नव्हती. हाताळणी सुधारावी वगैरे कारणं मी नंतर लोकांना सांगायला शोधली.

पद्मिनीत पुढे दोन विशबोन (चाक धरणारे वरचा-खालचा हात) आणि त्यांच्यात कॉइल स्प्रिंग, मागे पाटे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कमानदार पट्ट्यांची स्प्रिंग. त्यामुळे पुढचं काम एकाकडे, मागचं दुसऱ्याकडे. पुढच्या मूळ स्प्रिंगना हात लावला नाही, त्या तेल लावून माळ्यावर ठेवल्यात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद झाली, पण त्या गाड्यांचं सामान भंगारात अजून फिरतंय. तिथलीच एक जोडी घेतली. घेताना दोन्ही स्प्रिंग सपाट फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करून उंची बघायची. कमीजास्त निघाली तर सोडून द्यायची. गंजाचे खोल खड्डे असतील तरीही सोडायची, कारण तार तिथूनच तुटते.

किती कापायचं यावर गॅरेजमध्ये प्रत्येकाचं वेगळं मत. हिशोब मात्र सोपा आहे. गाडी चाकांवर उभी असताना स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमधलं अंतर मोजा, तारेच्या मध्यापासून पुढच्या तारेच्या मध्यापर्यंत. एक वेढा काढला की स्प्रिंगची जागा तेवढीच कमी होते. पण स्प्रिंग बसते खालच्या विशबोनच्या मधल्या भागावर आणि चाक असतं टोकाला, त्यामुळे चाकापाशी फरक त्याहून जास्त पडतो. माझ्या गाडीत तो साधारण दीडपट आला. म्हणून पूर्ण वेढा न कापता पाऊणच्या आसपास कापला. आधी कमी कापून, बसवून, गाडी थोडी फिरवून मग मोजायचं. कापलेलं परत जोडता येत नाही.

वेढे कमी झाले की स्प्रिंग कडकही होते. समजा कामाचे आठ वेढे आहेत आणि त्यातला एक गेला, तर कडकपणा आठाला सात या प्रमाणात, म्हणजे चौदा टक्क्यांच्या आसपास वाढतो. हा फुकटात मिळालेला फायदा, कारण खाली आलेल्या गाडीला दबायला जागाच कमी उरते.

एका गॅरेजमध्ये मला सांगितलं गेलं की कापायची कटकट कशाला, स्प्रिंग गाडीतच ठेवून गॅस मारू, आपोआप बसेल. हे कुणीही करू देऊ नका. लाल होईपर्यंत तापवलं की पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, मग स्प्रिंग महिन्या-महिन्याला बसत जाते आणि दोन्ही बाजू सारख्या बसतील याची काहीच खात्री नाही. आम्ही ग्राइंडरने थांबत थांबत, ओल्या फडक्याने थंड करत कापली. आणि एक, दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो. खालचा विशबोन जॅकवर घेऊन हळूहळू उतरवणारा जुना मिस्त्री असेल तरच हे काम काढा. यूट्यूब बघून घराच्या पार्किंगमध्ये नको.

मागे तीन वाटा होत्या. एक पाटा काढून टाकायचा, ही सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात वाईट, कारण मागे माणसं बसली की गाडी टेकते आणि उरलेल्या पाट्यांवर ताण येतो. दुसरी वाट ॲक्सल आणि पाटा यांच्यामध्ये ठोकळा घालून लांब यू-बोल्ट टाकायची. ठोकळा घ्यायच्या आधी गाडीखाली वाकून बघा. पाटा ॲक्सलच्या खालून जात असेल तरच ठोकळ्याने गाडी खाली येते, वरून जात असेल तर उलट उंच होते. मी तिसरी घेतली. पाटेवाल्याकडे नेऊन कमान उतरवून घेतली. तो पाटे सुटे करून, गरम न करता, घणाने ठोकून कमान कमी करतो. पाटे तेवढेच राहिल्यामुळे वजन पेलायची ताकद कमी होत नाही. त्याच वेळी शॅकलचे (पाट्याचं टोक टांगणाऱ्या कडीचे) बुश आणि यू-बोल्ट नवे टाकले. पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्टही बदला, त्याची किंमत बघता जुना ठेवण्यात अर्थ नाही.

पुढच्या विशबोनचे बुश आणि चारी शॉक मी आधीच बदललेले होते. उद्यमनगरातल्या एका लेथवर बारीकसारीक बुश करून घेतले. स्प्रिंगची जोडी, मिस्त्रीची मजुरी, पाटेवाला, यू-बोल्ट, अलाइनमेंट, असं सगळं दहा हजारांच्या आत बसलं. बुश आणि शॉक धरले तर रक्कम दुपटीच्या पुढे जाते, आणि लोक सांगताना नेमकं तेवढंच वगळतात.

आता वापराचं. गगनबावड्याकडे आणि आंबा घाटात गाडी वळणावर पूर्वीसारखी कलंडत नाही. याचं श्रेय मी उंचीपेक्षा कडक झालेल्या स्प्रिंगला आणि नव्या बुशना देईन. स्टिअरिंगमधला झोल होता तेवढाच आहे, तो याने जात नाही. हेडलाइटचा झोत मात्र पुन्हा लावून घ्यावा लागला, कारण पुढचं-मागचं सारखं उतरलं नव्हतं. खराब रस्त्यावर जे आहे ते आहे. आईला मागे बसवून जोतिबाला गेलो तर वर पोहोचल्यावर ती म्हणाली, "गाडीची बैलगाडी केलीस व्हय रे?" मागचे रबर बंप-स्टॉप (गाडी पूर्ण दबली की धक्का अडवणारे ठोकळे) त्यानंतर अर्ध्यावर कापले, आणि चार माणसं असताना होणारी ती धाडकन टेकणी बरीच कमी झाली.

टायरची आतली कड झिजते, हे खरं आहे. विशबोनवाली गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत कलतो, सोबत टो-ही, म्हणजे वरून बघता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत तेही, बिघडतो. कड खाण्याचं मुख्य काम हा टोच करतो, आणि तो टाय-रॉडवर (स्टिअरिंगपासून चाकाला जोडणाऱ्या दांड्यावर) दुरुस्त होतो. काम झाल्यावर एकदा आणि स्प्रिंग बसल्यावर थोड्या दिवसांनी पुन्हा, असं दोनदा अलाइनमेंट केलं. तरी आतून किंचित झीज दिसते. दीड इंचाला ती मला चालते. तीन इंच खाली घेणाऱ्यांनी टायरचं वेगळं बजेट धरावं.

आणि गतिरोधक. हा विषय मला गाडीपेक्षा जास्त चिडवतो. रस्त्यांचे मापदंड ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या नियमानुसार गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, म्हणजे १७ मीटर त्रिज्येचा चाप. पद्मिनीच्या पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर २.३४ मीटर. गणित करून बघा, दोन्ही चाकं त्या चापावर असताना मधला भाग चाकांच्या पातळीपेक्षा फक्त ४ सेंटिमीटर वर येतो. खाली घेतलेली पद्मिनीही त्यावरून आरामात जाते. घासते ती गल्लीत कुणीतरी एका रात्रीत सिमेंट ओतून केलेल्या, हातभर रुंदीच्या उंचवट्यांवर. तिथे तिरकी गाडी घालायची, एकेक चाक चढवायचं. मागे माणसं असतील तर सायलेन्सर लागतोच. अशा उंचवट्यांच्या कॉलनीत राहत असाल तर दीड इंच हीच मर्यादा धरा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. स्प्रिंगची उंची नोंदणीपत्रात नसते, पण पंधरा वर्षांपुढच्या गाडीला दर पाच वर्षांनी पासिंगला जावं लागतं आणि तिथे तपासणाऱ्याची नजर असते. विमा कंपनीलाही विचारून ठेवा. गाडी पन्नास वर्षांपुढची असेल आणि २०२१ च्या नियमांखाली व्हिंटेज नोंदणी करायची असेल, तर मूळ रूपाला धक्का लावू नका. माळ्यावरच्या मूळ स्प्रिंगची किंमत तेव्हा कळेल.

अँबॅसडरवाल्यांनी यातलं पुढच्या स्प्रिंगचं सगळं सोडून द्यावं. त्यांच्याकडे पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणारी दांडी आहे, कापण्यासारखं काही नाही. पाट्यांचं सांगितलं ते मात्र त्यांनाही लागू.

वर्षभरात एकच गोष्ट मनासारखी टिकली नाही. पावसाळ्यानंतर मागची ड्रायव्हरची बाजू अर्धा इंच जास्त बसली. मी बहुतेक वेळा एकटाच चालवतो, शिवाय पाटे जुनेच होते. पुढच्या पावसाच्या आधी त्या बाजूची कमान थोडी चढवून घेणार आहे. पाटेवाला म्हणतो एकच बाजू करू नका, दोन्ही करा. मजुरी दुप्पट होते म्हणून म्हणतो असं आधी वाटलं, पण या वेळी त्याचं ऐकणार आहे.