लग्नाची कॅसेट लॅपटॉपवर घ्यायची: यूएसबी स्टिक की डीव्हीडी रेकॉर्डर?

घरातल्या लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेट स्वतःच उतरवून घ्यायच्या असतील, तर परवडणारे मार्ग दोन. व्हीसीआरला यूएसबी कॅप्चर स्टिक लावून थेट लॅपटॉपवर घ्यायचं, किंवा जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरवर. काय ते लवकर ठरवा, कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपन्यांपैकी जपानच्या फुनाईनेही २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आता चालू यंत्र मिळतं ते जुन्या बाजारातच.

जोडणी दोन्हीकडे सारखीच. व्हीसीआरच्या ‘आउट’मधून पिवळी पिन चित्रासाठी, पांढरी (आणि असेल तर लाल) आवाजासाठी, समोरच्या यंत्राच्या ‘इन’मध्ये.

स्टिक स्वस्त असते आणि तयार फाइल हातात येते. सॉफ्टवेअरमध्ये पाल (आपल्याकडची टीव्ही-चित्राची पद्धत) आणि ७२० बाय ५७६ हा चित्राचा आकार निवडा. चुकून एनटीएससी (अमेरिका-जपानची पद्धत) राहिलं तर चित्र कृष्णधवल दिसतं किंवा वरखाली पळतं. खरी अडचण कॅसेटच्या वयाची आहे. फीत ताणलेली किंवा झिजलेली असली की तिच्यावरून येणाऱ्या चित्राच्या ओळींची वेळ डळमळते. टीव्ही हे सांभाळून घेतो, स्वस्त स्टिक घेत नाही. मग फ्रेम गळतात, कडा वाकड्या दिसतात आणि आवाज हळूहळू ओठांपासून सुटत जातो.

डीव्हीडी रेकॉर्डर इथे सरस ठरतो. आलेलं चित्र तो आधी स्वतःच्या मेमरीत घेतो आणि स्थिर लयीत पुढे देतो. पण साध्या डिस्कवर बऱ्या दर्जात सुमारे दोनच तास मावतात, म्हणजे तीन तासांची कॅसेट दोन डिस्कवर तोडावी लागते. डिस्क फायनलाइज करायला, म्हणजे रेकॉर्डिंगनंतर मेनूतून ती पक्की बंद करायला विसरलात तर ती दुसऱ्या प्लेयरवर बहुधा चालत नाही. शिवाय घरी लिहिलेली डिस्क वर्षानुवर्षांच्या भरवशाची नव्हे, त्यामुळे फाइल हार्ड डिस्कवर घ्यावीच लागते.

माझं स्पष्ट मत असं की, जमत असेल तर दोन्ही एका रांगेत लावा. आधी व्हीसीआर, मग रेकॉर्डर, त्याच्या ‘आउट’मधून स्टिक आणि शेवटी लॅपटॉप. डिस्क घालायचीच नाही, रेकॉर्डरने मधे बसून फक्त चित्र सावरायचं. पॅनासॉनिकचे डीएमआर-ईएस१० आणि ईएस१५ यासाठी नावाजलेले आहेत. सगळेच रेकॉर्डर हे काम करत नाहीत, म्हणून घेण्याआधी कॅसेट लावून पाहा. एक-दोनच कॅसेट आहेत आणि त्या स्वच्छ दिसतात, तर मात्र नुसती स्टिक पुरते. एव्हीचं (त्या पिवळ्या-पांढऱ्या पिनांचं) एचडीएमआय करणाऱ्या स्वस्त डबीच्या नादी लागू नका. चौकोनी चित्र ती बहुतेकदा रुंद ताणते आणि वधूवर जाडे दिसतात.

एका बाबतीत यांपैकी कुठलाच मार्ग धरू नका. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये घालायचीच नाही. कोकणात आणि मुंबईत दमट हवेमुळे अशी बुरशी धरतेच. व्हीसीआरच्या हेडला (फीत वाचणाऱ्या भागाला) लागलेली बुरशी पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. अशी कॅसेट फीत साफ करून देणाऱ्याकडेच द्या.

उतरवून झाल्यावर फाइलची सुरुवात नव्हे, शेवटची पाच मिनिटं बघा. तिथे ओठ आणि आवाज जुळत असतील, तर पुढची कॅसेट लावा.